लांबून मोठा दिसणारा राक्षस

जर्मन वर्तमानपत्रांत अधूनमधून 'शाइनरीझे' हा शब्द भेटतो. लांबून प्रचंड वाटणारं पण जवळ गेल्यावर साधंच निघणारं काहीही, मग ती कंपनी असो, राजकीय पक्ष असो की संकट. हा शब्द आला मिखाएल एंडेच्या 1960 सालच्या जिम क्नोप्फ आणि इंजिनड्रायव्हर लुकासच्या पुस्तकातून. वाळवंटात दोघांना क्षितिजावर एक अवाढव्य माणूस दिसतो. जिमला पळून जायचं असतं, लुकास थांबायला सांगतो. टुर टुर नावाचा तो म्हातारा जसजसा जवळ येतो तसतसा लहान होत जातो आणि समोर येऊन उभा राहतो तेव्हा चारचौघांएवढाच असतो. सगळे त्याला लांबूनच पाहून पळतात, त्यामुळे बिचारा एकटा पडलेला.

चिंताविकाराचं इतकं नेमकं वर्णन मी शास्त्रीय लेखांतही फारसं वाचलेलं नाही. भीती वाटली की मूल ती गोष्ट टाळतं. टाळलं की लगेच हायसं वाटतं. हे हायसं वाटणं मेंदूच्या दृष्टीनं बक्षीसच, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. आणि राक्षसाची खरी उंची कधी कळतच नाही. आपल्याकडे 'भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणतात. त्यातला 'पाठी' हा शब्द मला फार आवडतो. पाठ फिरवल्याशिवाय कोणी पाठीमागे लागत नाही.

उपायही जुनाच आहे. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ देताना पिंजऱ्यातला ससा रोज थोडा थोडा जवळ आणला गेला, आणि शेवटी तो सशाला हात लावू लागला. पुढच्या संशोधनातून दिसलं की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्याशेजारी 'काही झालं नाही' अशी नवी आठवण तयार होते आणि दोघींची चढाओढ चालते. म्हणून सराव एकदाच करून भागत नाही. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी करावा लागतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हल्ली बालसाहित्यात घाबरणारा नायक बराच दिसतो. ते चांगलंच आहे. आपला फास्टर फेणे कशालाच घाबरत नसे, आणि घाबरणाऱ्या मुलाला त्याच्यात स्वतःसाठी जागा सापडणं कठीणच. पण अशा प्रत्येक पुस्तकाला मी एकच प्रश्न विचारतो: यातल्या मुलाला धैर्य मिळालं कुठून? ताईत, जादूची कांडी किंवा ड्रॅगनची पाठ असं उत्तर असेल, तर गोष्ट रंजक असेल, पण घाबरणाऱ्या मुलाच्या हाती तिनं काही दिलं नाही.

एंडेच्याच 1979 सालच्या 'न संपणाऱ्या गोष्टी'चं पाहा. बास्टियान लठ्ठ, बुजरा, आई नसलेला. वर्गातली मुलं त्याला छळतात. पुस्तकाच्या दुकानातून चोरलेलं पुस्तक घेऊन तो शाळेच्या माळ्यावर लपतो आणि वाचता वाचता त्या पुस्तकातल्या देशात पोचतो. तिथे इच्छा केली की तो देखणा, बलवान, शूर होतो. पण प्रत्येक इच्छेमागे त्याच्या आधीच्या आयुष्याची एक आठवण जाते. फुकटात मिळालेलं धैर्य एंडे खरं मानत नाही. परत आल्यावर वडील म्हणतात, दुकानदाराशी मी बोलतो. बास्टियान नको म्हणतो आणि चोरी कबूल करायला स्वतः जातो. पुस्तकातलं सगळ्यात मोठं धाडस हेच, आणि त्यात जादू तसूभरही नाही. म्युनिकच्या स्टुडिओत बनलेल्या 1984 च्या चित्रपटात मात्र तो ड्रॅगनवर बसून छळणाऱ्या मुलांचा पाठलाग करतो. एंडेनं त्या चित्रपटाशी उघड फारकत घेतली. मला त्याचं पटतं.

वडिलांचा तो प्रस्ताव आपल्या घरांतही रोज होतो. 'मी टीचरशी बोलते', 'सहलीला नाही गेलास तरी चालेल', 'पोट दुखतंय असं लिहून देऊ'. हेतू प्रेमाचा, पण यानं मुलाचं टाळणं आपणच पक्कं करत जातो. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांच्या गटानं चिंताविकार असलेल्या 124 मुलांवर चाचणी घेतली. एका गटात मुलांवर नेहमीचे वर्तनोपचार झाले. दुसऱ्या गटात उपचारकाकडे फक्त आईवडील गेले आणि अशा सवलती कमी करायला शिकले. दुसऱ्या गटातल्या मुलांना झालेला फायदा पहिल्यापेक्षा कमी नव्हता.

याचा अर्थ ढकलून द्यावं असा नाही. पोहायच्या भीतीनं लपलेल्या श्यामला आईनं मार देऊन पाण्याकडे धाडलं. तो प्रसंग वाचून आपल्या कितीतरी पिढ्यांचे डोळे भरून आले, पण उपचार म्हणून मी तो कुणाला सुचवणार नाही. जर्मनीत झेपफेर्डशेन या पोहण्याच्या बिल्ल्यासाठी मुलांना काठावरून उडी मारून 25 मीटर पोहावं लागतं आणि खांद्याइतक्या पाण्यातून एक वस्तू वर आणावी लागते. अनेकांचं घोडं त्या उडीपाशीच अडतं. काठावर बसून पाय सोडणं, मग हात धरून उतरणं, मग हात सोडून, असं महिनाभर चाललं तरी काय बिघडलं? काठावरून 'अरे, घाबरतोस काय, भागूबाई' ओरडणाऱ्या बाबांना मात्र थोडं लांब बसवावं.

अर्थात काही राक्षस जवळ गेल्यावरही तेवढेच मोठे निघतात. वर्गात कुणी मारत असेल, मराठी डबा उघडला की चिडवत असेल, तर ती भीती आजार नव्हे. तिथे मुलाला सराव करायला लावू नये, मोठ्यांनी शाळेत जावं. कुठला राक्षस कोणता, हे लांबून कळत नाही. त्यासाठी मुलाशी बोलावं लागतं, आणि बोलायला गोष्टीचं पुस्तक बरं पडतं.

भीतीमुळे शाळा, झोप किंवा मित्र सुटू लागले, तर पुस्तकावर थांबू नये. जर्मनीत मुलांच्या मानसोपचारकाकडे जायला दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि सार्वजनिक आरोग्य विमा खर्च उचलतो. नंबर लागायला मात्र पुष्कळदा काही महिने जातात, तेव्हा फोन लवकर करावा.