ओळख पटविण्याचा भार कोणावर?



मतदान केंद्रात पाऊल टाकताच आपणांस आपले छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. ही सक्ती न्याय्य की अन्याय्य, यावर अमेरिकेत आणि इंग्लंडात मोठा वाद आहे; आपल्या देशातही तो मिटलेला नाही. मताचा हक्क ज्यांच्या पदरी सर्वांच्या शेवटी पडला, त्यांना या वादाकडे त्रयस्थपणे पाहून चालणार नाही.

हा हक्क कसा मिळाला ते आठवा. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. त्या काळी मत द्यावयाचे तर जमीन, कर अशी काही पात्रता लागे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्यापाशी ती कोठून असणार? घटनेच्या ३२६ व्या कलमाने ती अट मोडीत काढली आणि प्रौढ नागरिकास मत दिले. म्हणून मताच्या वाटेत कोणतीही अट आली की आपण दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ही अट कोणाच्या रक्षणासाठी? आणि ती पुरी करण्याचा भार कोणावर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. तोतया मतदानाचा पहिला बळी गरीबच असतो. मजुरी बुडवून केंद्रावर जावे, आणि तेथे ‘तुमचे मत केव्हाच पडले’ असे ऐकून परतावे, ही विटंबना वस्तीतल्या माणसाच्याच वाट्याला येते. धनदांडग्याच्या नावावर मत टाकण्याचे धाडस कोण करील? १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी छायाचित्र ओळखपत्रांचा आदेश काढला. नाव दुसऱ्याला सांगता येते, चेहरा उसना घेता येत नाही. म्हणून ओळखपत्रास आमचा विरोध नाही.

परंतु दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. कारण काय? त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. नियम वाईट नव्हता. स्त्रीची नोंद तिच्याच नावाने व्हावी, हे योग्यच. पण नियम पाळला गेला नाही तेव्हा मत गेले ते तिचे. विचारणाऱ्याचे काहीच गेले नाही!

परदेशांतही हेच दिसते. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या २०११ च्या कायद्याने बंदुकीचा परवाना ओळख म्हणून मान्य केला, विद्यार्थ्याचे ओळखपत्र मात्र नाकारले. बंदूक कोणाच्या घरी असते, हे सांगावयास नको. इंग्लंडात २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत ही सक्ती प्रथमच आली, तेव्हा योग्य कागद नसल्याने केंद्रावरून परतलेले सुमारे १४ हजार लोक मत देऊ शकले नाहीत. तेथे मतदाराचा दाखला विनामूल्य मिळत असतानाही असे घडले. कागद फुकट असला तरी तो मिळविण्यात दिवस जातो, आणि गरिबाचा दिवस फुकट नसतो.

आपल्याकडील नियम त्या मानाने उदार आहे. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, वाहन परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे वा टपाल खात्याचे पासबुक चालते. ओळख पटत असेल तर नावातील किरकोळ चुकीसाठी मत नाकारता येत नाही. परंतु हातात कार्ड असले आणि यादीत नाव नसले, तर ते कार्ड काय कामाचे? २०२५ साली बिहारमध्ये याद्यांची विशेष फेरतपासणी झाली आणि प्रारूप यादीतून सुमारे ६५ लक्ष नावे वगळली गेली. मृत, स्थलांतरित वा दुबार, अशी कारणे आयोगाने दिली. ती नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट रोजी सांगावे लागले. हे न सांगताच का होऊ नये?

आमचे मत स्पष्ट आहे. जो पुरावा मागतो, त्यानेच तो नागरिकाच्या दारी पोचवावा. आणि जो नाव काढतो, त्यानेच ते का काढले हे आधी सांगावे. पुराव्याचा भार राज्यावर असावा, राबणाऱ्या माणसावर नव्हे.

मात्र शासनाचे कर्तव्य सांगताना आपले विसरू नये. धम्मदीक्षेनंतर कोणी नाव बदलले, कोणी आडनाव बदलले; कार्डावर एक, यादीत दुसरे असे राहिले असेल तर नमुना ८ भरून दुरुस्ती करा. घर बदलले असेल, सून नांदावयास आली असेल, तरी पत्ता बदलण्यास हाच नमुना आहे. १८ वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींसाठी नमुना ६ भरा. १९५० या क्रमांकावर विचारणा करता येते. निवडणूक येईपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळीच घरातील प्रत्येकाचे नाव यादीत पाहा, आणि शेजारच्या निरक्षर आजीचेही पाहा. तिचे नाव तिच्यासाठी दुसरे कोण वाचणार?