हजेरीपटावर न दिसणारी रजा

ताप आला की रजेचा अर्ज जातो. कंबर धरली की माणूस हात टेकत उठतो, साहेबाच्याही लक्षात येतं. डोळे कोरडे पडले तर यातलं काहीच होत नाही. माणूस खुर्चीतच असतो, समोर एक्सेल उघडलेलं असतं आणि एकच ओळ तो तिसऱ्यांदा वाचत असतो. शेजारचा विचारतो, "रात्रभर मॅच बघत होतास का रे?"

जपानमधल्या ओसाका शहरात दिवसभर संगणकावर काम करणाऱ्या ५६१ जणांचे डोळे संशोधकांनी तपासले. २०१३ साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार जवळपास दोन तृतीयांश लोकांना कोरड्या डोळ्यांचा विकार होता किंवा असण्याची शक्यता होती. याच अभ्यासात पुढे कामाचा हिशेबही मांडला गेला. ज्यांचं निदान पक्कं झालं, त्यांच्या कामातली घट पाच टक्क्यांच्या आसपास भरली. ही घट कामावर हजर असतानाची होती.

डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो. त्यात तळाशी चिकट द्रव, मधे पाणी आणि वर तेल. हे तेल पापण्यांच्या कडांमधल्या ग्रंथींतून येतं आणि खालचं पाणी उडू देत नाही. पापणी मिटली की हा थर नव्याने सारवला जातो. जपानच्याच दोन संशोधकांनी १९९३ मध्ये मोजलं होतं: निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि स्क्रीनसमोर ७ वेळा. शिवाय पुस्तक वाचताना नजर खाली असते, पापणी अर्धी उतरलेली असते. स्क्रीनकडे आपण समोर बघतो, त्यामुळे डोळा जवळजवळ दुप्पट उघडा राहतो. मान वाचावी म्हणून मॉनिटरखाली जाडजूड फायली ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

त्यात एसी. मुंबईत बाहेर घामाने शर्ट अंगाला चिकटलेला आणि आत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं! झोताच्या थेट खालची खुर्ची बहुधा नव्याने लागलेल्या पोराला मिळते. जुनी मंडळी आपली जागा कधीच बदलून घेऊन बसलेली असतात.

गंमत म्हणजे पुष्कळांची तक्रार डोळ्यांतून पाणी येण्याची असते. "पाणी वाहतंय आणि डॉक्टर म्हणतात कोरडे!" थर फाटला की डोळा चुरचुरतो आणि त्यावर उपाय म्हणून अश्रूंचा लोंढा येतो. पण ते नुसतं पाणी, टिकत नाही. मग माणूस दुकानातून लाली घालवणारे थेंब आणतो. त्याने डोळा पांढरा दिसतो, कोरडेपणा तसाच राहतो. निळा प्रकाश अडवणारे चष्मेही खूप खपतात. पण २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र पडताळल्या, तेव्हा निदान थोड्या काळात तरी त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही.

पुष्कळ कंपन्यांत वर्षातून एकदा नेत्रतपासणी शिबिर असतं. भिंतीवरचा तक्ता, एक डोळा झाकायचा, अक्षरं वाचायची. कोरड्या डोळ्यांचा माणूस यात सहज पास होतो, कारण पापणी मिटून बघितलं की त्याला क्षणभर लख्ख दिसतं. धूसर होतं ते पुढच्या काही सेकंदांत आणि तेवढा वेळ तक्त्यासमोर कोण थांबतं? खरी तपासणीही फार मोठी नाही. डोळ्यात फ्लुओरेसिन हा रंग घालायचा, पापणी न मिटता बघायला सांगायचं आणि थर किती सेकंदांत फाटतो ते यंत्रातून पाहायचं. दहाच्या आत फाटला तर शंका घ्यायला जागा आहे. शिबिराच्या दिवशी रांगेत एवढं एक टेबल वाढवायला हरकत नसावी. आणि डॉक्टर आलेच आहेत तर एसीचे झोत कोणाकोणाच्या तोंडावर येतात, तेही त्यांना एकदा हिंडून दाखवावं.