सुटीतले सुतारकाम : बारा बाटल्यांची मांडणी

दिवाळीच्या भेटींत मिठाईच्या डब्यासोबत आता कधीमधी नाशिकच्या वाइनची बाटलीही घरात येते. तिला ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडतो आणि बहुधा ती फ्रीजच्या डोक्यावर जाऊन बसते. याहून वाईट जागा घरात शोधून सापडायची नाही! तिथली ऊब आणि थरथर, दोन्ही वाइनला बाधतात. तेव्हा या सुटीत तिच्यासाठी एक छोटी लाकडी मांडणी करू या.

करवत हाती घेण्याआधी मात्र जागा ठरवा. वाइनला मानवतो तो १२-१३ अंश सेल्सिअसचा गारवा. मांडणी बाटलीला नीट धरील. गार काही करणार नाही. म्हणून खिडकी, स्वयंपाकघर आणि पश्चिमेची भिंत टाळा. जिन्याखालचा कोपरा किंवा आतल्या खोलीतली ऊन न लागणारी भिंत बरी. तिथेही बाटली काही महिनेच ठेवावी आणि एप्रिल-मेमध्ये सरळ फ्रीजमध्ये हलवावी. जुनी होईल तशी वाइन सुधारते, हे थोड्याच बाटल्यांच्या बाबतीत खरे. बहुतेक वाइन लवकर पिण्यासाठीच केलेली असते. म्हणून बारा बाटल्यांची मांडणी पुष्कळ झाली.

आता मापे. ७५० मिलिलिटरची बाटली सुमारे ३० सें.मी. लांब आणि साडेसात सें.मी. जाड असते, फेसाळ वाइनची ९ सें.मी.पर्यंत. भरलेल्या बाटलीचे वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे बारांचे ओझे पंधरा किलो. तेव्हा सांधे पक्के हवेत.

लाकूड २ सें.मी. जाडीचे सागवान घ्या. जुन्या दाराचे वाळलेले मिळाले तर सोन्याहून पिवळे. बाजूंना ६० बाय २५ सें.मी.च्या दोन फळ्या, आणि ५ सें.मी. रुंद, ३४ सें.मी. लांब अशा आठ पट्ट्या लागतील. प्रत्येक पट्टीच्या वरच्या काठावर टोकापासून ६, १७ आणि २८ सें.मी.वर खुणा करा. तिथे ९ सें.मी. व्यासाची वाटी धरून २ सें.मी. खोल कमानी आखा. दोन-दोन पट्ट्या शिकंज्यात एकत्र धरून कापा, म्हणजे जोड्या तंतोतंत जुळतील. कडा कानसेने गुळगुळीत करा.

बाजूच्या फळ्यांना आतून अर्धा सें.मी. खोल खाचा पाडा. पट्ट्यांचे खालचे काठ तळापासून ४, १७, ३० आणि ४३ सें.मी.वर यावेत, एक पट्टी मागच्या कडेपासून ६ सें.मी.वर, दुसरी १८ वर. गुण्या लावून काटकोन पाहा, मग सरस आणि स्क्रू. शेवटी मागून वर व खाली ३७ सें.मी. लांब, १० सें.मी. रुंद अशी एकेक आडवी फळी ठोका. ती नसेल तर मांडणी डुगडुगेल. घरात लहान मुले असतील तर मांडणी भिंतीला लोखंडी पट्टीने जखडायला विसरू नका.

वरून जवसाचे तेल द्या आणि वास जाईपर्यंत आठवडाभर वाळू द्या. तेलाची फडकी मात्र चोळामोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

बुचाची बाटली आडवीच ठेवायची, कारण बूच ओले राहिले तरच फुगलेले राहते आणि हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते. प्रत्येकीच्या गळ्यात आणल्याच्या तारखेची चिठ्ठी बांधा आणि आधी आलेली आधी उघडा. नाहीतर खास प्रसंगासाठी म्हणून राखलेली बाटली दोन उन्हाळे सोसून, ऐन प्रसंगी पाहुण्यांसमोर आंबट निघायची!