एका उपेक्षित खेळाचा कैवार

संगणकावरील बंदुकीच्या खेळांत विचार करण्याजोगें असें काय असणार, हा प्रश्न आमची विद्वान् मंडळी विचारतात तो उत्तराच्या अपेक्षेनें नव्हे. प्रश्न विचारला कीं विषय संपला, अशी त्यांची समजूत असते. या तुच्छतेचें आम्हांस नवल वाटत नाहीं. एके काळीं कादंबरीच्या वाट्यासहि ती आली होती. नवल वाटतें तें या खेळांचें परीक्षण करून पोट भरणाऱ्या लेखकांचें. अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांतील रेव्हन सॉफ्टवेअर या संस्थेनें रचलेला 'सिंग्युलॅरिटी' हा खेळ ॲक्टिव्हिजन कंपनीनें २०१० सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां 'हाफ-लाइफ २' (२००४) व 'बायोशॉक' (२००७) यांची ही उसनवारी आहे, असा शेरा मारून त्यांपैकीं पुष्कळांनीं त्याची बोळवण केली.

उसनवारी आहे, हें आम्हांस मान्य आहे. मृतांच्या आवाजांच्या ध्वनिफिती, ओस पडलेल्या इमारती, हातांत चढविलेलें चमत्कारिक यंत्र, हें सारें पूर्वीं येऊन गेलेलें आहे. पण उसनवारी हाच गुन्हा ठरविला तर महाभारतांतून शकुंतलेची कथा घेणाऱ्या कालिदासास कोठें बसवावें? आणि 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचणाऱ्या देवलांस? सामग्री कोठून आणली हें विचारणें सोपें आहे. तिचें काय केलें हें पाहण्यास खेळ शेवटपर्यंत खेळावा लागतो.

काटोर्गा-१२ या कल्पित रशियन बेटावर (काटोर्गा हें झारशाहींतील सक्तमजुरीच्या शिक्षेचें नांव, नांव निवडणाऱ्यास इतिहास ठाऊक होता) सोव्हिएत शास्त्रज्ञ ई-९९ नामक मूलद्रव्यावर प्रयोग करीत होते. १९५५ सालीं तेथें मोठा अपघात झाला. २०१० सालीं त्या बेटावर येऊन पडलेला अमेरिकन सैनिक रेन्को याच्या डोळ्यांनीं आपण सर्व पाहतों. स्वतःचा असा हातांतील बंदुकीखेरीज कांहीं दिसत नाहीं. पुढें त्यास असें एक यंत्र मिळतें कीं, त्यानें वस्तूचें वय वाढवितां किंवा घटवितां येतें. कोसळलेला जिना पुन्हा नवा होतो. समोरचा शिपाई क्षणांत जरेनें ग्रासून हाडांचा सांपळा उरतो. काळानें चेपलेली पेटी अर्धवट उघड्या दाराखालीं सरकवावी व तिला तिचें तारुण्य परत द्यावें, कीं ती दार वर उचलून धरते. 'टाइमशिफ्ट' (२००७) या खेळांतहि काळ मंद करितां, थांबवितां व उलटवितां येतो. परंतु तेथें काळ म्हणजे नेम धरण्यास मिळालेली सवड. येथें तो एकेका वस्तूवर पडतो, आणि भग्नावशेषाच्या जागीं पूर्वींचें रूप उभें करितो. अर्थात् रचनाकारांनीं नेमून दिलेल्या वस्तूंवरच हें सामर्थ्य चालतें. शेजारची तसलीच मोडकी वस्तु यंत्रास दाद देत नाहीं. हा दोष लहान नव्हे.

परंतु या खेळाचें खरें सामर्थ्य यंत्रांत नसून एका साध्या सत्कृत्यांत आहे. १९५५ सालांत फेकला गेलेला रेन्को जळत्या इमारतींतून एका माणसास वांचवितो. खेळणारा येथें क्षणभरहि थबकत नाहीं; आगींत सांपडलेल्यास हात द्यावा हें कोणास सांगावें लागतें? वर्तमानांत परत येऊन पाहतो तों बेटावर जेथें स्टालिनचा पुतळा होता, तेथें त्याच डेमिचेव्हचा पुतळा उभा, आणि जगावर त्याची सत्ता! शेवटीं बारिसोव्ह हा शास्त्रज्ञ रेन्कोस सांगतो कीं उपाय एकच: मागें जावें, आणि त्यास वांचविणाऱ्या स्वतःसच ठार करावें. तें न करितां डेमिचेव्हशीं हातमिळवणी करण्याची किंवा दोघांसहि मारून निघून जाण्याची मोकळीक आहे. आणि आत्मबलिदान केलें तरी? हेलिकॉप्टर पुन्हा बेटाकडे येतें. पुतळा आतां बारिसोव्हचा असतो. ज्या खेळप्रकारांत अपराधी नेहमीं बंदुकीच्या नळीपुढें असावयाचा, त्यांत येथें तो नळीच्या मागें उभा आहे.

'ब्रेड' (२००८) या काळ उलटविण्याच्या खेळांतहि, ज्या राजकन्येस सोडविण्यास नायक धांवतो ती त्याच्यापासूनच पळत असल्याचें अखेरीस उघड होतें. त्यास कलाकृति म्हणून मान मिळाला, आणि तो योग्यच होता. पण त्यांत रंगीत चित्रें होतीं, बंदूक नव्हती. आत्मदोषाचें तेंच दर्शन बंदूकधाऱ्यास घडलें तेव्हां मात्र आमच्या रसिकांस तें दिसलें नाहीं. ही परीक्षा कलेची झाली कीं वेषाची?

'सिंग्युलॅरिटी'चा दुसरा भाग निघाला नाहीं. रेव्हनची कारागिरी पुढें मुख्यतः त्याच प्रकाशकाच्या 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेस जुंपली गेली. नावीन्य नाहीं म्हणून ज्यांनीं तेव्हां नाक मुरडलें, त्यांपैकीं कितीजणांनीं वर्षानुवर्षें निघणाऱ्या त्या मालिकेकडे नावीन्याचा हाच हिशेब मागितला, तें त्यांनीं आपलीं जुनीं परीक्षणें काढून एकवार पाहावें.