दंड भरावा की वर्गात बसावे?

वेगमर्यादेचा भंग करणाऱ्या वाहनचालकापुढे इंग्लंड आणि वेल्समधील पोलीस एक पर्याय ठेवतात. मर्यादेचे उल्लंघन थोडे असेल तर चालकाने शंभर पौंड दंड भरून परवान्यावर तीन दोषांक लावून घ्यावेत, किंवा त्याऐवजी साधारण तेवढ्याच शुल्कात वेगजागृतीच्या वर्गाला बसावे. ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर ३५ ते ४२ मैल वेगाने जाणाऱ्याला सामान्यतः ही संधी मिळते. त्याहून अधिक वेग असेल तर ती मिळत नाही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडणाऱ्यालाही मिळत नाही. वर्ग पूर्ण केला की दंड नाही, दोषांक नाहीत, खटलाही नाही. अपराधी चालकांना पुन्हा शिकवावे, ही शिफारस १९८८ साली पीटर नॉर्थ यांच्या अध्यक्षतेखालील वाहतूक कायद्याच्या आढावा समितीने केली होती. आज वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक चालक तेथे हा मार्ग पत्करतात.

वरकरणी हा प्रश्न अगदी खाजगी, किंबहुना क्षुल्लक वाटतो. पत्र हाती पडलेला चालक कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतो. दोषांक चार वर्षे परवान्यावर राहतील, विम्याचा हप्ता वाढेल, तीन वर्षांत बारा दोषांक झाले तर बहुधा सहा महिने गाडी चालवता येणार नाही. उलट वर्गासाठी अर्धा दिवस मोडेल आणि शुल्क जाईल. या हिशेबात वर्ग बहुतेकांना स्वस्त पडतो, म्हणून ते वर्ग निवडतात. हा निर्णय व्यवहार म्हणून योग्यच आहे. परंतु शिक्षेकडे केवळ किंमत म्हणून पाहण्याची जी सवय बाजारव्यवस्थेने माणसाला लावली आहे, तिचेच हे लक्षण आहे. आणि समतेचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्याने येथे थोडे थांबले पाहिजे.

अर्थशास्त्रात या दृष्टीला मोठी प्रतिष्ठा आहे. १९६८ साली गॅरी बेकर यांनी गुन्हा आणि शिक्षेची अर्थशास्त्रीय मांडणी केली. गुन्ह्यापासून होणारा लाभ एका पारड्यात, पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेचा भार दुसऱ्या पारड्यात, आणि माणूस तोलून निर्णय घेतो, असे तिचे सार. ही मांडणी सर्वस्वी खोटी नाही. मात्र तिची मर्यादा इस्रायलमधील हैफा शहरातल्या पाळणाघरांच्या एका प्रयोगाने दाखवून दिली. युरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांवर दंड बसवला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी उशीर झाला की पालकाला शिक्षिकेसमोर ओशाळे वाटत असे. आता तो पैसे देऊन मोकळा होऊ लागला. पुढे दंड रद्द झाला, तरी गेलेली लाज परत आली नाही. दंडाचे रूपांतर एकदा दरपत्रकात झाले, की नियम हा विकत घेण्याचा माल होतो.

रस्त्यावर हा माल सर्वांना सारख्या भावात मिळतो, पण सर्वांच्या खिशाला तो सारखा लागत नाही. शंभर पौंड हा पगारी मजुराचा दिवसभराचा मेहनताना असतो, तर एखाद्या वित्तसंस्थेच्या संचालकाला तेवढ्या रकमेची आठवणही राहत नाही. फिनलंडने यावर उपाय म्हणून १९२१ पासून उत्पन्नाशी निगडित दंडाची पद्धत स्वीकारली आहे. तेथे २०२३ साली ताशी ५० किलोमीटरच्या टापूत ८२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अँडर्स विक्लॉफ या कोट्यधीश उद्योगपतीला १ लाख २१ हजार युरोंचा दंड झाला. इंग्लंडमध्ये खटला न्यायालयात गेल्यास दंड आठवड्याच्या उत्पन्नावर ठरतो खरा, पण त्याला एक हजार पौंडांची, आणि महामार्गावर अडीच हजार पौंडांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे समतेचे तत्त्व मान्य, पण श्रीमंताच्या उंबरठ्यापर्यंतच!

मग दंड आणि वर्ग यांत खरा फरक कोणता? त्याचे उत्तर दोन ब्रिटिश मंत्र्यांच्या वर्तनात सापडते. ख्रिस ह्यून यांची गाडी २००३ साली वेगमर्यादा ओलांडताना सापडली, तेव्हा आपला परवाना वाचावा म्हणून त्यांचे दोषांक त्यांच्या तत्कालीन पत्नी, अर्थशास्त्रज्ञ विकी प्राइस यांनी स्वतःच्या नावावर घेतले. हा असत्याचा व्यवहार आठ वर्षांनी उघड झाला. मधल्या काळात मंत्री झालेल्या ह्यून यांना आणि प्राइस यांना २०१३ साली प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. दुसरे उदाहरण सुएला ब्रेव्हरमन यांचे. २०२२ साली त्या वेगमर्यादा ओलांडताना आढळल्या. पुढे गृहमंत्री झाल्यावर, इतरांसोबत वर्गात न बसता आपल्यासाठी स्वतंत्र, एकटीचा वर्ग होऊ शकेल काय, अशी चौकशी त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांकडे केली. अखेर त्यांनी दंड भरला आणि तीन दोषांक घेतले. २०२३ च्या मे महिन्यात हे प्रकरण गाजले, तेव्हा मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झालेला नाही, असा निर्णय पंतप्रधान ऋषी सुनक यांनी दिला.

आचारसंहितेचा प्रश्न तेथेच संपला असेल. पण या दोन घटना एक गोष्ट स्पष्ट करतात. सत्तेच्या आणि संपत्तीच्या वर्तुळात वावरणाऱ्याला पैशाचा दंड बोचत नाही. त्याला बोचतात ते दोषांक, कारण ते सर्वांना सारखेच मोजून मिळतात. आणि त्याला अवघड वाटते ते टॅक्सीवाला, परिचारिका, शाळामास्तर आणि दुकानदार यांच्या शेजारी बसून आपल्या चुकीविषयी चारचौघांत बोलणे. दोषांक आणि वर्गातली उपस्थिती यांचे चलन पैशाचे नाही. ती स्वतःच द्यावी लागतात, नोकराकरवी पाठवता येत नाहीत. लोकशाहीतील शिक्षेला समतेचा जो स्पर्श असायला हवा, तो येथे आहे.

वर्गात शिकवतात तरी काय? व्याख्यानापेक्षा संवादावर तेथे भर असतो आणि शेवटी परीक्षा नसते; मात्र सहभाग घ्यावाच लागतो. २०२० च्या महासाथीपासून हे वर्ग घरबसल्या दृक्‌श्राव्य माध्यमातूनही होऊ लागले. आशयाच्या मुळाशी साधे पदार्थविज्ञान आहे. ब्रिटनच्या अधिकृत वाहतूक नियमावलीनुसार ताशी ३० मैल वेगाची मोटार थांबायला २३ मीटर लागतात. ४० मैलांना ३६ मीटर. वेग एकतृतीयांशाने वाढतो, अंतर निम्म्याहून अधिक वाढते. धडकेची ऊर्जा तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरचे ६० झाले की ती सव्वादोन पट होते. चेंडूमागे धावत रस्त्यावर आलेल्या मुलाच्या दृष्टीने या तेरा मीटरांना काय अर्थ आहे, हे दंडाच्या पावतीवर कोठेही छापलेले नसते.

या शिक्षणाचा उपयोग होतो काय? ब्रिटिश परिवहन खात्यासाठी इप्सॉस मोरी या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. २०१२ ते २०१७ या काळातील वीस लाखांहून अधिक चालकांच्या नोंदी त्यासाठी तपासल्या गेल्या. वर्ग केलेल्यांनी पुढील सहा महिन्यांत पुन्हा तोच अपराध करण्याची शक्यता, दंड आणि दोषांक घेतलेल्यांच्या तुलनेत, १२ ते २३ टक्क्यांनी कमी आढळली. अपघात कमी झाले काय, याविषयी मात्र त्या अभ्यासाला ठाम निष्कर्ष काढता आला नाही. म्हणजे वर्ग ही जादूची कांडी नाही. पण दोषांकांच्या धाकापेक्षा समजुतीचा परिणाम अधिक होतो, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. आणि शिक्षणावर श्रद्धा असणाऱ्यांना हे थोडे नव्हे.

या व्यवस्थेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की शुल्काचा काही वाटा प्रशासकीय खर्चापोटी पोलिसांकडे जातो. त्यामुळे अपराध्यांची संख्या वाढण्यात यंत्रणेचा हितसंबंध निर्माण होतो. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर वर्ग बंद करणे हे नसून त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून करणे हे आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. खेपेवर किंवा पार्सलांच्या संख्येवर ज्याची मजुरी ठरते, तो वेगाचे पदार्थविज्ञान ठाऊक नाही म्हणून धावत नसतो. मालकाने वेळ ठरवून दिली आहे म्हणून धावत असतो. अशा चालकाला वर्गात बसवून मालकाला मोकळे सोडणे म्हणजे रोग्याच्या शेजाऱ्याला औषध पाजण्यासारखे आहे.

या आक्षेपाचा भारताशी थेट संबंध आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. सरकारी वर्गीकरणानुसार त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झालेल्या अपघातांत झाले. मृतांपैकी जवळपास दोन तृतीयांश दुचाकीवरचे आणि पायी चालणारे होते. मोटारीच्या पोलादी कवचाबाहेर जे उभे आहेत, त्यांच्या प्राणांनी वेगाची किंमत चुकती होते, असाच या आकड्यांचा अर्थ आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अतिवेगाचा दंड वाढला. हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये, मध्यम आणि अवजड वाहनाला दोन ते चार हजार. याच दुरुस्तीने कलम १९ मध्ये उजळणी प्रशिक्षणाची तरतूद केली. परवाना निलंबित झालेल्या चालकाला मुदत संपल्यावर तो परत हवा असेल, तर हे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. म्हणजे ब्रिटनमध्ये जो वर्ग शिक्षेच्या आधी पर्याय म्हणून येतो, तो येथे शिक्षेनंतर अट म्हणून येतो. बहुसंख्य चालकांच्या वाट्याला तो येतच नाही. त्यांच्या वाट्याला येते भ्रमणध्वनीवरचे ई-चलन. सरकारी तिजोरीत भर पडते, चालकाच्या समजुतीत काहीच भर पडत नाही.

शिक्षण हा शिक्षेचा पर्याय कोठे होऊ शकतो आणि कोठे नाही, याचेही भान हवे. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगर येथे एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. बाल न्याय मंडळाने त्याला प्रथम जामीन देताना रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो संताप शिक्षणाविरुद्ध नव्हता. दोन मृत्यूंच्या तराजूत निबंध टाकला गेला आणि मुलगा धनिकाचा होता, याविरुद्ध तो होता. वर्ग असावा तो कोणाचाही बळी जाण्यापूर्वी, पहिल्या लहान अपराधाच्या वेळी, आणि सर्वांसाठी सारखा.

मालकाच्या जबाबदारीविषयी तर कायद्यात शस्त्र आधीच तयार आहे, फक्त ते म्यानात गंजत पडले आहे. कलम १८३ नुसार आपल्या नोकराला किंवा आपल्या नियंत्रणाखालील व्यक्तीला वेगमर्यादा मोडायला लावणाराही शिक्षेस पात्र आहे. त्याच कलमाचे चौथे पोटकलम सांगते, की मर्यादा न मोडता पार पाडणे शक्य नाही अशा वेळेत प्रवास पूर्ण करण्याचे वेळापत्रक किंवा आदेश ज्याने काढला, त्याच्याविरुद्ध तो आदेशच प्रथमदर्शनी पुरावा होय. दहा मिनिटांत किराणा दारात, अशा जाहिराती गेल्या काही वर्षांत शहरांतून झळकल्या, तेव्हा या पोटकलमाची आठवण किती कामगार संघटनांनी केली? वाहतूक कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने हे कलम पाठ करून ठेवावे, इतके ते मोलाचे आहे.

तेव्हा ज्याच्यापुढे पर्याय आहे, त्याने वर्गच निवडावा. विम्याचा हप्ता वाचतो म्हणून निवडला तरी चालेल, परंतु तेथे बसताना आपण सूट मिळवली अशा भावनेने बसू नये. रस्ता ही सर्वांची सामाईक मालमत्ता आहे आणि तिच्यावरील आपला वाटा आपण ओलांडला, या जाणिवेने बसावे. आणि जेथे पर्यायच नाही, तेथे तो मागितला पाहिजे. पहिल्या किरकोळ अपराधाला सार्वजनिक खर्चाने चालणारा वर्ग, तो मजुरी न बुडता करता येईल अशा वेळी, मराठीत आणि चालकाला समजेल अशा भाषेत; प्रमाणपत्र विकत मिळू नये म्हणून त्यावर नागरिकांची आणि कामगार संघटनांची देखरेख; वारंवार अपराध करणाऱ्या धनिकाला उत्पन्नाच्या प्रमाणात दंड; आणि अशक्य वेळापत्रक आखणाऱ्या मालकावर कलम १८३ खाली खटला. या चार मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला आणि शाळेतून परतणाऱ्या मुलाला त्या तेरा मीटरांचा हक्क मिळवून देण्यासाठी त्या पुरेशा निकडीच्या आहेत.