शरीराचे भांडवल आणि शाळेचा तास

जून उजाडून शाळा भरू लागल्या म्हणजे प्रत्येक माध्यमिक शाळेत वेळापत्रक लागते, आणि त्यात 'शारीरिक शिक्षण' हे शब्दही ठरल्या जागी दिसतात. पण चाचणी परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या मास्तरांना उसना दिला जातो, आणि हे उसने कधीच परत येत नाही, हे ज्यांची मुले नववी-दहावीत आहेत त्या वाचकांस सांगावयास नको. असला व्यवहार एखाद्या पेढीवर चालला असता तर व्यापाऱ्याने पहिल्याच महिन्यात खाते बंद केले असते. येथे बुडणारे भांडवल मुलांच्या शरीराचे आहे, म्हणूनच की काय, कोणी हिशेब मागत नाही. तो मागण्याची वेळ आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणे 5 ते 17 वर्षांच्या मुलामुलींस रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल घडली पाहिजे. याच संघटनेच्या संशोधकांनी 2016 ची आकडेवारी घेऊन 2019 साली जो ताळेबंद मांडला, त्यात भारतातील 11 ते 17 वयाची शंभरांपैकी सुमारे 74 मुले या मापास उतरत नाहीत असे दिसले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 साली असे बाहेर आले की देशात 10 कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. हा रोग केवळ बसून राहिल्याने जडतो असे नव्हे. पण बैठ्या आयुष्याने त्यास वाट मोकळी होते याविषयी वैद्यांत दुमत नाही. गादीवर बसून चाळिशीतच औषधाच्या गोळ्या मोजणारा गृहस्थ आणि बाकावर बसून पाठांतर करणारा त्याचा चिरंजीव, हे एकाच खात्याचे जमा-खर्च होत.

कोणी म्हणेल, तास उसना न देणाऱ्या शाळाही आहेत. आहेत, पण त्या तासात घडते काय? कोठे 'दक्ष-विश्राम' करण्यात वेळ जातो. कोठे चांगले खेळणारे दहा-बारा विद्यार्थी मैदानात उतरतात आणि उरलेले पन्नास कट्ट्यावर बसून त्यांस टाळ्या देतात. जो राज्यपातळीवर चमकतो त्यास शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. त्याचे कौतुक आम्हांसही आहे. पण जो स्थूल आहे, जो हडकुळा आहे, ज्यास चेंडू झेलता येत नाही, त्याच्या पदरात शाळा काय घालते? गृहपाठ न केल्याबद्दल मैदानाला दहा फेऱ्या! ज्यास धावणे ही शिक्षा म्हणून शिकविले, तो शाळेतून सुटल्यावर आपण होऊन धावेल अशी आशा कोणत्या तोंडाने करावी?

मुलींची गोष्ट तर याहून शोचनीय आहे. मुलगी वयात आली की तिला मैदानाबाहेर बसविण्याची चाल पुष्कळ घरांत अजून मोडलेली नाही. हाडे भरण्याचा काळ नेमका हाच. त्याच काळात तिचे खेळणे बंद करावयाचे, आणि पुढे उतारवयात तिचे हाड मोडले म्हणजे दैवास बोल लावावयाचा, हा कोणता न्याय?

जागा नाही, साधने नाहीत, ही सबब आम्ही मान्य करीत नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या लहानशा संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्यांस लागते ती एक सतरंजीभर जागा. स्वतः पंतप्रतिनिधींनी सत्तरीच्या घरातही तो क्रम सोडला नव्हता. हीच आमची कसोटी होय. शाळेच्या व्यायामाचे यश कपाटातील ढालींवरून मोजू नये; तिचा विद्यार्थी चाळीस वर्षांनंतर काय करतो यावरून मोजावे.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही दरी आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेस क्रीडांगण हवे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. पण हा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच सोबत करतो. ज्या वयात सवयी आयुष्यभरासाठी पक्क्या होतात, त्या वयाच्या उंबरठ्यावर तो मुलाचा हात सोडतो. केंद्रीय मंडळाने 2018 साली नववी ते बारावीस रोज एक तासिका सांगितली. परंतु तासिका सांगणे निराळे आणि ती शिकविणे निराळे.

मग शिकवावे काय? आमच्या मते प्रत्येक मुलास व प्रत्येक मुलीस शाळा सोडण्यापूर्वी चार गोष्टी आल्या पाहिजेत. पहिली, एकट्याने व बिनखर्चाने करता येईल असा एक व्यायाम: नमस्कार, जोर-बैठका, दोरीच्या उड्या, काहीही. दुसरी, सवंगड्यांसह खेळावयाचा एक खेळ. खो-खो व लंगडीस काय खर्च लागतो? तिसरी, ओझे पाठीस इजा न होता उचलण्याची रीत. चौथी, स्वतःची नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेणे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतका दम लागला म्हणजे व्यायाम मध्यम झाला, एवढे ज्ञान दहावीच्या मुलास असावे. आणि मोजमाप करावयाचे तर शेजारच्या मुलाशी करू नये. जूनमध्ये त्याला किती बैठका येत होत्या आणि मार्चमध्ये किती येतात, एवढेच पाहावे.

आमच्या वाचकांत शाळांच्या नियामक मंडळांवर बसणारे व्यापारी थोडे नाहीत, आणि पालकसभेस जाणारे तर सर्वच आहेत. त्यांनी येत्या सभेत गुणपत्रिकेची चौकशी झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात व्यायामाचे तास किती ठरले होते, आणि प्रत्यक्षात किती झाले? आणि त्या दिवशी घरी परतताना गाडी दूर उभी करून मुलाबरोबर चालत यावे. जो बाप स्वतः दोन पावले चालत नाही, त्याच्या उपदेशाने मुलगा धावू लागल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.