वसंत परीक्षेसाठी थांबत नाही



फेब्रुवारी महिना लागला की आपल्याकडे घरोघरी एक हुकूम निघतो. "आता हे सगळे बंद. परीक्षा झाली की मग काय ते कर." या 'सगळ्या'त तुमचे छंद येतात. पोस्टाच्या तिकिटांची वही कपाटात जाते, चित्रकलेचे ब्रश धुऊन ठेवले जातात, संक्रांतीची उरलेली फिरकी माळ्यावर जाते. या हुकमाविरुद्ध मला फारसे काही म्हणावयाचे नाही. तिकिटे एप्रिलमध्येही तिथेच असतील. पण एक छंद असा आहे की तो या दोन महिन्यांसाठी बंद ठेवला तर त्या वर्षापुरता तो गेलाच. तो छंद म्हणजे हिवाळा जाऊन वसंत कसा येतो याची घरातल्या घरात नोंद ठेवणे. तो बंद करू नये, असे मला तुम्हाला आणि तुमच्या शिक्षकांनाही सांगावयाचे आहे.

आपल्या राज्यातल्या मुलांची एक गंमतच आहे. निबंधात वसंत ऋतूचे वर्णन सगळे करतात, पण दहावी-बारावीच्या मुलाला तो दिसतच नाही. 2025 साली बारावीची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला आणि दहावीची 21 फेब्रुवारीला सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरात थंडी नेमकी याच दिवसांत पाय काढते. मुले खिडकी लावून बसलेली असतात आणि खिडकीबाहेर वर्षातला सर्वांत मोठा बदल चाललेला असतो.

तो पाहायला दुर्बीण नको, प्रयोगशाळा नको. न्हाणीघराच्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली पुरे. शुद्ध खोबरेल तेल साधारण 24-25 अंश सेल्सिअसला वितळते. डिसेंबर-जानेवारीत आपल्या गावात ते सकाळी पांढरे घट्ट झालेले असते आणि केसांना तेल लावण्यापूर्वी आई बाटली गरम पाण्यात धरते. फेब्रुवारीत एक वेळ अशी येते की तेल सकाळी अर्धवट गोठलेले आणि दुपारी पातळ असते. पुढे ते गोठेनासेच होते. म्हणजे ही बाटली तुमच्या घरातला फुकटचा तापमापकच झाली! अर्थात एकदा वितळलेले तेल पुन्हा गोठायला वितळण्याच्या तापमानाहून थोडी अधिक थंडी लागते, आणि दुसरी तेले मिसळलेले सुगंधी तेल या कामी चालत नाही. म्हणून बाटली एकच ठेवावी, ती एकाच फळीवर ठेवावी, आणि रोज सकाळी एकाच वेळी पाहून 'घट्ट', 'अर्धवट' किंवा 'पातळ' एवढा एकच शब्द वहीत लिहावा. याला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता माझ्या सांगण्याचा खरा मुद्दा ऐका. यंदा तेल शेवटचे कोणत्या दिवशी गोठले, हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही! ते कळते पंधरा दिवसांनी, मागे वळून वही पाहिली म्हणजे. 'पहिली' गोष्ट पटकन डोळ्यांत भरते. पहिला मोहर, पहिली कोकिळेची हाक यांची तारीख लिहून ठेवता येते. पण 'शेवटची' गोष्ट मुकाट्याने निघून जाते. आणि हिवाळा जातो तो अशा शेवटच्या गोष्टींनीच. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला उत्तरेकडून आलेला, गच्चीवर शेपटी सारखी वर-खाली हलवत फिरणारा धोबी पक्षी उन्हाळ्याच्या तोंडी परत जातो. तो तुमच्या गच्चीवर शेवटचा कधी आला होता, हे रोज लिहिणाऱ्यालाच सांगता येईल. ज्याने वही 10 फेब्रुवारीला मिटून 20 मार्चला उघडली, त्याला फक्त 'आता तो नाही' एवढेच लिहिता येईल. मधल्या चाळीस दिवसांत तो केव्हा गेला, हे कोणतेही पुस्तक त्याला सांगणार नाही.

"शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते" असे तुमच्या आजीने तुम्हाला नक्कीच सांगितले असेल. हे खरे की खोटे? असे विचारले की काही मुले हसतात, काही मान डोलावतात. दोन्ही गट सारखेच आळशी, असे मी म्हणेन. महाशिवरात्र 2023 साली 18 फेब्रुवारीला होती, 2024 साली 8 मार्चला आणि 2025 साली 26 फेब्रुवारीला. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते. ते सौर वर्षाशी जुळवून घेण्यासाठी मधून मधून अधिक महिना धरावा लागतो. 2023 साली अधिक श्रावण आला होता. त्यामुळे ही तिथी इंग्रजी तारखांवर अशी मागेपुढे सरकते. मग 2024 साली थंडी आदल्या वर्षापेक्षा 19 दिवस जास्त थांबली होती काय? ज्या घरात दोन्ही वर्षांच्या बाटलीच्या नोंदी असतील त्यांना उत्तर देता येईल. आजीला मात्र वेड्यात काढू नका. तिच्या म्हणीत कित्येक पिढ्यांची सरासरी आहे, आणि सरासरीने ती फारशी चुकत नाही. तिच्याकडे फक्त तारखा लिहिलेल्या नाहीत. तेवढे काम तुमचे.

दुसरी एक म्हण घ्या. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण म्हणतो. वास्तविक दिवस वाढू लागतो तो 22 डिसेंबरच्या सुमाराला. पण सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलाला हे पटणार नाही, आणि त्याचेही बरोबर आहे. आपल्या गावी 21 डिसेंबरला सूर्य सुमारे 6 वाजून 59 मिनिटांनी उगवतो आणि 15 जानेवारीला सुमारे 7 वाजून 6 मिनिटांनी. म्हणजे दिवस वाढत असताना सूर्योदय उलट उशिरा! वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूला पडते. याच काळात सूर्यास्त 5.54 वरून 6.09 वर जातो. याचे कारण असे की, पृथ्वीचा अक्ष कललेला असल्याने आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने सूर्य डोक्यावर येण्याची घड्याळातली वेळ वर्षभर सारखी राहत नाही. आपल्याकडे 21 डिसेंबरला ती 12 वाजून 27 मिनिटे असते, तर फेब्रुवारीच्या मध्याला 12 वाजून 43 मिनिटे. संक्रांतीनंतर मात्र सकाळही लवकर होऊ लागते. तेव्हा म्हण करणाऱ्याने उजाडण्याकडे पाहून ती केली असावी, अशी मला शंका आहे.

हे गच्चीवर पडताळून पाहता येते. एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि मध्यान्हीला तिची सावली मोजा. छत्रपती संभाजीनगरचे अक्षांश सुमारे 19 अंश 53 मिनिटे उत्तर असल्याने 21 डिसेंबरला सावली साधारण 94 सेंटिमीटर भरेल, 26 जानेवारीला 80 आणि 21 मार्चला अवघी 36. या शेवटच्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून सावलीच्या लांबीला काठीच्या लांबीने भागले की त्या कोनाचे 'टॅन' मिळते आणि तो कोन म्हणजेच तुमच्या गावाचे अक्षांश. दहावीच्या भूमितीतली त्रिकोणमिती आणखी कशासाठी असते? परीक्षेच्या अभ्यासातून वेळ जातो म्हणणाऱ्या पालकांना हे गणित दाखवावे.

ऊन वाढू लागले की घरात माठ येतो. त्यासाठी थांबायचेही कारण नाही. संक्रांतीची सुगडी घरात पडलेली असतातच. रंग न लावलेले एक सुगड घ्या. त्यात मोजून पाणी भरा आणि तेवढेच पाणी स्टीलच्या गंजात घ्या. दोन्ही भांडी सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. सुगड नवे असेल तर ते आधी एक दिवस भिजवून ठेवावे. चार-पाच तासांनी दोन्हींचे तापमान पाहा, मग पाणी पुन्हा मोजा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते आणि तिच्यातली बरीचशी उरलेल्या पाण्यातूनच घेतली जाते. हिशेबाने 10 लिटरच्या माठातले पाणी 5 अंशांनी थंड व्हायला 86 ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ पुरते. प्रत्यक्षात बाहेरची उष्णताही आत येत राहत असल्यामुळे पाणी यापेक्षा जास्त उडते. किती जास्त, ते तुम्ही सांगायचे. मराठवाड्याची हवा जानेवारीपासून मार्चपर्यंत कोरडी होत जाते, तसतसा सुगडातल्या आणि गंजातल्या पाण्याच्या तापमानातला फरकही बदलतो. दर रविवारी हा एकच प्रयोग केला तर हवेच्या कोरडेपणाचा आलेख तुमच्या हाती येईल. प्रयोगानंतर पाणी कुंडीत घाला. आपल्या शहराने नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याची वर्षे पाहिली आहेत. इथे विज्ञानाच्या नावाखालीही पाणी फेकू नये.

आणि लिंबाचे झाड. कडुनिंबाला आपल्याकडे नुसते लिंबच म्हणतात. हे झाड नसलेली गल्ली शोधून काढावी लागेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पाने पिवळी होऊन गळतात, तांबूस कोवळी पालवी फुटते आणि मग बारीक पांढरी फुले येतात. पण नीट पाहाल तर एक लिंब उघडा पडला असताना चार घरे पलीकडचा दुसरा अजून हिरवागार दिसेल. माती तीच, हवा तीच, मग असे का? मुळांना मिळणारे पाणी, झाडाचे वय, आणि ज्याचा त्याचा जातिवंत स्वभाव, अशी कारणे संभवतात. म्हणूनच 'लिंबाला पालवी फुटली' अशी मोघम नोंद उपयोगाची नाही. एक झाड निवडावे, त्याची एक फांदी निवडावी आणि दरवर्षी तीच पाहावी. 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुले अशी झाडे दर आठवड्याला पाहतात. चिकलठाण्याची वेधशाळा शहराचे तापमान सांगेल, पण तुमच्या गल्लीतल्या लिंबाबद्दल तिच्याकडे काही नाही.

"अशा पोरखेळाच्या नोंदींचे पुढे काय होते?" असे कोणी विचारील. इंग्लंडात नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचा एक जमीनदार होता. वसंताच्या खुणा त्याने 1736 सालापासून लिहायला घेतल्या: पहिले फूल, ओकची पालवी, बेडकांचे ओरडणे, पाकोळ्यांचे आगमन. त्याच्यामागे त्याच्या वंशजांनी ही वही 1958 सालापर्यंत चालवली. आज हवामानातील बदलाचा अभ्यास करणारे तिच्याकडे मोठ्या आदराने पाहतात. जपानमधल्या क्योटो येथे चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांतून गोळा झाल्या आहेत. तिथे 2021 साली 26 मार्चला पूर्ण बहर आला. त्याआधीच्या बाराशे वर्षांच्या उपलब्ध नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. त्या रोजनिशा लिहिणाऱ्या दरबाऱ्यांना आणि भिक्षूंना हवामानशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त दिवस लिहिला होता.

आता थोडे शिक्षकांशी. शाळांतून प्रकल्प मागितले जातात आणि मग आदल्या रात्री दुकानातून तयार प्रतिकृती येतात, नाहीतर एका बैठकीत महिन्याभराचे तापमान 'भरले' जाते. अशा वह्या सुरेख दिसतात. त्यांत एकही दिवस चुकलेला नसतो, शाईचा रंगही बदलत नाही. त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि मुलगा त्यातून विज्ञानातली सर्वांत वाईट सवय शिकतो. माझे मत विचाराल तर, ज्या वहीत 'आज पाहिले नाही, ताप होता' असे लिहिलेले आहे तिला जास्त गुण द्यावेत. रिकामी जागा ही खरी नोंद आहे. न पाहिलेला आकडा ही नोंदच नव्हे. आणि परीक्षा देणाऱ्या मुलांकडून रोज दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळाची अपेक्षा धरू नये. बाटली, लिंबाची फांदी, गच्चीवरचा धोबी, एवढे त्यांना पुरे. सावली आणि सुगडाचे काम आठवी-नववीच्या मुलांनी करावे.

मित्रहो, काठी मात्र परीक्षा संपल्यावरही गच्चीवर राहू द्या. 19 मेच्या आसपास सूर्य आपल्या शहराच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी सुमारे 12 वाजून 25 मिनिटांनी काठीच्या बुडाशी पाहा. सावली नसेल. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. म्हणून मे महिन्यातलाच दिवस धरावा, आणि मध्यान्हीच्या आधी दहा मिनिटे वर जाऊन बसावे. डोक्याला पंचा बांधून.